खुंटीपासून प्लगपर्यंत

भाजे लेण्यांतल्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग एके काळी लाकडाचा होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात डोंगर खोदून कमान काढली, आत स्तूप घडवला आणि मग समोरचं लाकूडकाम त्या कातळाला जोडलं. ते लाकूड केव्हाच नाहीसं झालं. ज्या खाचांत ते धरलं होतं त्या मात्र कमानीच्या आजूबाजूला आजही स्पष्ट दिसतात. आत जाऊन वर पाहिलं तर वक्र छताला लाकडी फासळ्या आहेत. पलीकडच्या डोंगरात, कार्ल्याच्या मोठ्या चैत्यात, अशाच फासळ्या जवळजवळ दोन हजार वर्षं जागच्या जागी आहेत. या फासळ्या छताला आधार देत नाहीत. अखंड कातळाच्या छताला आधार लागतच नाही. छतानेच त्यांना धरून ठेवलं आहे.

भिंतीवर जड वस्तू टांगण्याच्या इतिहासाची सुरुवात मी इथून धरतो. घर बांधणारा गवंडी एकेक थर चढवत जातो, त्यामुळे हवी तिथे जागा सोडू शकतो. लेणं खोदणाऱ्यापुढे कातळ आधीच पुरा असतो. त्यात भोक पाडायचं, भोकात बाहेरची वस्तू घालायची, आणि ती पुन्हा बाहेर येणार नाही असा बंदोबस्त करायचा. आज तयार फ्लॅटच्या भिंतीवर टीव्ही लावू पाहणाऱ्याची अडचण नेमकी हीच आहे. मधल्या काळातल्या बहुतेक माणसांना ती कधी आलीच नाही, कारण त्यांच्या घरांत भार टांगायची जागा बांधतानाच ठरलेली असे.

पुण्याकडच्या जुन्या वाड्यात ही व्यवस्था नीट पाहता येते. तिथे घराचा भार लाकडी खांब आणि तुळया पेलतात, भिंत बहुतेक ठिकाणी भरावाची. म्हणून खरं वजन कोणी भिंतीच्या अंगावर टाकतच नसे. झोपाळा टांगायचा तर कड्या तुळईत. दह्यादुधाचं शिंकं वाशाला. दिवा, पोथी, तांब्या कोनाड्यात. कापडचोपड, डबे, हिशेबाच्या वह्या भिंतीच्याच जाडीत बसवलेल्या फडताळात. उरलीसुरली हलकी वस्तू, म्हणजे उपरणं, पगडी, कंदील, भजनाचे टाळ, खुंटीला. आणि खुंटीसुद्धा नंतर ठोकलेली नसे. भिंत चढत असताना गवंडी ती आत घेई आणि तिचं बरंचसं अंग मातीविटांच्या वजनाखाली दाबलं जाई. वरची सगळी भिंत तिला धरून बसे. अशी खुंटी ओढून निघत नाही. पडक्या वाड्यांतही आढं कोसळलेलं असतं आणि उभ्या राहिलेल्या भिंतीत खुंट्यांची रांग शाबूत असते.

या व्यवस्थेची किंमत एकच होती. जागा बदलता येत नसे. कोनाडा जिथे, दिवा तिथे. घराला काय काय धरावं लागणार हे बांधणाऱ्याला आधी माहीत असणं गरजेचं होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या वस्तू त्याच राहत असल्याने ते त्याला माहीत असेही.

तयार दगडात लोखंड बसवण्याची विद्या दुसऱ्या वाटेने वाढली, आणि ती घरांपेक्षा देवळांची, पुलांची, किल्ल्यांची होती. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये संगमरवराचे चिरे लोखंडी पकडींनी एकमेकांना जोडले आहेत आणि पकडींभोवती शिसं ओतलं आहे. आपल्याकडे १६६४ साली बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या पायाचे चिरे शिशाचा रस ओतून बसवल्याचं सांगतात. शिशाचा गुण असा की ते कमी उष्णतेवर वितळतं आणि भोकाचा खडबडीतपणा जसाच्या तसा भरून काढतं. थंड होताना ते थोडं आकसतं, म्हणून कारागीर वरून ठोकून ते पुन्हा कडेला दाबतात. भोक तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद कोरलेलं असेल तर आतला शिशाचा गोळा तोंडातून बाहेर येऊच शकत नाही.

रोमन काळातल्या बांधकामावर दगड उचलायची एक युक्ती होती. ती मला या सगळ्या वंशातली सर्वांत चलाख वाटते. चिऱ्याच्या माथ्यावर असंच तळाशी रुंद होणारं भोक कोरायचं, त्यात लोखंडाच्या दोन तिरक्या पट्ट्या आधी सोडायच्या आणि मधे तिसरी सरळ पट्टी सारायची. तिसरी गेली की पहिल्या दोन कडेला दाबल्या जातात. दोर ओढला की पट्ट्या भोकाच्या तिरक्या अंगावर अधिकच आवळतात. ओझं जितकं जास्त तितकी पकड जास्त. आत घालताना बारीक, गेल्यावर फुगणारं, आणि ओढलं की अधिक घट्ट होणारं असं काहीतरी हवं, हा विचार तेव्हाच झालेला होता. तो घराच्या भिंतीपर्यंत यायला फार वर्षं लागली, कारण घरात त्याची गरज नव्हती.

गरज आली ती नव्या वस्तूंबरोबर. भाजे-कार्ल्याच्या पायथ्याशी रेल्वेचं मळवली स्टेशन आहे. राजा रवि वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे इथे मळवलीला आला आणि त्यातून लक्ष्मी, सरस्वती, दत्त, रामपंचायतन यांच्या रंगीत चित्रांच्या प्रती घरोघर गेल्या. ज्या भिंतीवर तोवर फार तर गेरूचं चित्र होतं, तिच्यावर लाकडी चौकट आणि काच घातलेली तसबीर आली. तिच्यासाठी कोनाडा सोडलेला नव्हता. मग खिळा आला.

जुन्या घरांत या तसबिरी पुढे कललेल्या दिसतात. खालची कड दोन खिळ्यांवर किंवा लाकडी पट्टीवर टेकलेली आणि वरच्या कडेची दोरी वर एका खिळ्याला. हा कल खालून बघणाऱ्याला देव नीट दिसावेत म्हणून तर होताच, पण या मांडणीत भाराची फार शहाणी वाटणीही आहे. तसबिरीचं जवळजवळ सगळं वजन खालचे खिळे घेतात आणि ते त्यांच्या अंगावर आडवं, भिंतीला लागून पडतं. वरच्या खिळ्याला ती पुढे झुकू न देण्यापुरती थोडी ओढ सोसायची असते. खिळा आडवा भार चांगला घेतो, बाहेरची ओढ फार कमी घेतो. चुन्याच्या गिलाव्यात ठोकलेला गुळगुळीत खिळा तर सरळ ओढला की हातात येतो. भिंतीवर काहीही टांगताना हे दोन भार वेगळे ओळखायचे असतात, आणि बहुतेक अपघात दुसऱ्या भाराकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

खिळ्याच्या पुढची पायरी म्हणजे स्क्रू. यंत्रावर बनलेला, टोकदार, स्वस्त स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बाजारात आला. लाकडात तो उत्तम धरतो, कारण त्याचे आटे लाकडाच्या तंतूंत रुततात. विटेत किंवा दगडात आटे रुतायला काही नसतं. म्हणून भिंतीत आधी लाकूड घालायचं आणि लाकडात स्क्रू पिळायचा. ही युक्ती युरोपात आणि आपल्याकडे एकाच कारणाने घरोघर पोहोचली. ते कारण म्हणजे वीज.

विजेची तार भिंतीवरून जाते, दर हातभर अंतरावर तिला धरावं लागतं. दिवा, बटण, पंख्याचा रेग्युलेटर, मीटरचा बोर्ड, सगळ्यांना भिंतीत आधार लागतो. मुंबईत वीजपुरवठा आणि ट्रामची कंपनी १९०५ साली उभी राहिली, १९०७ साली विजेवरची ट्राम धावली, १९१५ पासून खोपोलीची जलवीज शहरात येऊ लागली. मग चाळी, बंगले, कचेऱ्या यांच्या भिंतींवर सागवानी पट्ट्या चढू लागल्या आणि प्रत्येक पट्टीच्या पाठीशी भिंतीत गिट्ट्या.

गिट्टी म्हणजे सागाचा छोटा ठोकळा. सरकारी बांधकामाच्या नियमांत तिचं मापसुद्धा बांधून दिलेलं आहे. लांबी किमान ५ सेंटिमीटर, आतलं टोक अडीच सेंटिमीटर चौरस, बाहेरचं २ सेंटिमीटर चौरस. लाकूड मुरलेलं हवं. गिट्टी सिमेंटमध्ये बसवायची, भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा किंचित आत ठेवायची आणि वरून गिलावा सारखा करायचा. आतलं टोक बाहेरच्यापेक्षा मोठं, एवढ्या एका गोष्टीत शिसं ओतणाऱ्यांचं आणि चिरे उचलणाऱ्यांचं सगळं शहाणपण आहे. चांगला वायरमन गिट्टी करवतीने कापतानाच हा उतार काढी. घाईतला वायरमन ती उलटी, म्हणजे पाचरीसारखी ठोकून बसवी. अशी गिट्टी ठोकताना घट्ट जाते आणि वर्षभरात ढिली होते. मुरलेलं नसलेलं लाकूडही दगा देई. कोकणात पावसाळाभर ते फुगतं, मे महिन्यात आकसतं, आणि दोनचार वर्षांत गिट्टीभोवती केसाएवढी फट पडते.

शिवाय हे काम मोठं होतं. पाऊण इंची स्क्रूसाठी छिन्नी-हातोडीने दोन बोटं रुंद चौकोनी खड्डा खणायचा, गिट्टी सिमेंटात बसवायची, ते वाळेपर्यंत दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची, मग पट्टी लावायची. एका खोलीत असे वीस-पंचवीस खड्डे. लहानपणी आमच्या घराचं वायरिंग झालं तेव्हाची सगळीकडे पसरलेली विटेची लाल धूळ माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि ते काम करणाऱ्या माणसाविषयी आदरही. त्याच्या गिट्ट्या घर पाडेपर्यंत हलल्या नाहीत.

लंडनमध्ये हाच प्रश्न ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर आला. जॉन जोसेफ रॉलिंग्ज हे बांधकामाची कंत्राटं घेणाऱ्या रॉलिंग्ज ब्रदर्स या पेढीतले. म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि अट अशी की जुन्या भिंतींना कमीत कमी इजा व्हावी, जोडणी डोळ्यांत भरू नये. चौकोनी खड्डे खणणं शक्य नव्हतं. रॉलिंग्ज यांनी तागाच्या धाग्यांची, जनावराच्या रक्ताने चिकटवून ताठ केलेली एक पोकळ नळी तयार केली. भिंतीत स्क्रूपेक्षा थोडं मोठं गोल भोक, त्यात ही नळी, नळीत स्क्रू. स्क्रू आत शिरताना धाग्यांना चारी बाजूंनी रेटतो, धागे भोकाच्या खरखरीत अंगावर दाबले जातात आणि त्या दाबाने स्क्रू धरला जातो. १९११ साली त्यांना याचं पेटंट मिळालं आणि १९१९ साली पेढीने रॉलप्लग हेच नाव घेतलं.

त्या काळी जगातला जवळजवळ सगळा ताग बंगालच्या शेतांतून जाई. मैमनसिंग-ढाक्याकडच्या पाण्यात कुजवून सोललेला धागा कलकत्त्याच्या बंदरातून निघे आणि स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत सुतळी-गोणपाट होई. हिंदुस्थानचा शेतमाल विलायतेच्या भिंतींत असा शिरला याची नोंद मला कुठे सापडली नाही, म्हणून इथे करतो.

तागाच्या नळीने बदललं ते कामाचं प्रमाण. तोवर भिंतीत काही बसवणं हे गवंड्याचं किंवा सुताराचं काम होतं. आता एक गोल भोक पाडता आलं की झालं. भोक पाडायला रॉलप्लगवाले एक छोटं पोलादी हत्यार विकत. हातोडीने ठोकायचं, प्रत्येक ठोक्याला थोडं फिरवायचं. घरातलाच माणूस हे करू शकत होता. भिंतीने काय धरावं हे ठरवण्याचा अधिकार बांधणाऱ्याकडून राहणाऱ्याकडे आला, आणि त्यासोबत जबाबदारीही आली. ही दुसरी गोष्ट आपण अजून पुरती अंगी लावून घेतलेली नाही.

भोक पाडण्याचा इतिहास वेगळा आहे आणि तो जर्मनी-अमेरिकेतला. स्टुटगार्टच्या फाइन कारखान्याने १८९५ साली हातात धरायचं विजेवरचं ड्रिल केलं. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर यांनी १९१७ साली पिस्तुलासारख्या मुठीच्या आणि बोटाने दाबायच्या घोड्याच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. क्रुपने १९२० च्या दशकात विडिया नावाने टंगस्टन कार्बाइड बाजारात आणलं. विटेत-दगडात झिजत नाही असं बिटाचं टोक त्यातून मिळालं. बॉशचा विजेवरचा हातोडा १९३२ सालचा. दुसरं महायुद्ध संपून युरोपातली शहरं पुन्हा बांधायला काढली तेव्हा भोक पाडणं सोपं झालेलं होतं. अडचण भोकात काय घालायचं याचीच होती. ताग ओलीत कुजतो. शिसं मऊ असतं, भार सतत राहिला तर हळूहळू सरकतं.

ही अडचण सोडवली आर्तुर फिशर यांनी. जन्म १९१९, गाव टुमलिंगन, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधलं. वडील शिंपी. फिशर कुलूपकाम शिकले, युद्धात गेले, परत आले आणि १९४८ साली गावातच छोटा कारखाना काढला. भुकटी पेटवून फोटो काढण्याची धोक्याची पद्धत होती, तिच्या जागी कॅमेऱ्याच्या शटरबरोबर पेटणारा फ्लॅश त्यांनी केला. १९५८ साली त्यांनी नायलॉनचा करडा प्लग केला. आज जगभर जो ओळखला जातो तो हाच. पुढचं अर्धं अंग मधोमध चिरलेलं, त्यावर दात, आणि बाजूला दोन छोट्या जिभा. स्क्रू शिरला की चिरलेलं अंग उघडतं आणि दात भोकाच्या अंगात रुततात. जिभांमुळे प्लग स्क्रूबरोबर फिरत नाही.  नायलॉन कुजत नाही, गंजत नाही, दाबलं तर पुन्हा फुगायला पाहतं, म्हणून पकड वर्षानुवर्षं जिवंत राहते. फिशर २०१६ साली वारले तोवर त्यांच्या नावावर अकराशेहून अधिक पेटंटं आणि तत्सम नोंदी होत्या. मोडलेली हाडं जोडण्यासाठीही त्यांनी असेच प्लग केले होते.

आपल्याकडे सागाची गिट्टी यानंतरही बराच काळ टिकली. ती गेली ती वायरी भिंतीच्या आत, पाइपातून जाऊ लागल्यावर. प्लास्टिकच्या नळीला मात्र वायरमन आणि सुतार अजून गिट्टीच म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात कोणी गिट्टी मागतो, कोणी रॉलप्लग, कोणी फिशर, आणि तिन्ही वेळा दुकानदार त्याच बरणीत हात घालतो. त्या बरणीत नायलॉनचे प्लग असतात आणि हलक्या प्लास्टिकचेही. दिसायला दोन्ही सारखे, दर वेगळा. पडद्याच्या दांडीला हलका चालतो. जिथे माणूस खाली झोपतो, बसतो किंवा आंघोळ करतो तिथे नायलॉनच घ्यावा, आणि छताला टांगलेल्या कशालाही नुसत्या प्लगवर सोडू नये. पंख्याचा हूक स्लॅब ओततानाच सळईला अडकवतात, तो उगाच नाही.

आता भाराचं गणित, कारण प्लगच्या पुडीवर छापलेला आकडा पाहून लोक निर्धास्त होतात. समजा, फळी ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि तिच्यावर २० किलो पुस्तकं सारखी पसरली आहेत. वजनाचा मध्य भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर येतो. फळीखालच्या ब्रॅकेटचा वरचा स्क्रू त्याच्या खालच्या टोकापासून १० सेंटिमीटर उंच असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ येते ती मिळून ३० किलोची, ठेवलेल्या वजनापेक्षा जास्त. ब्रॅकेट २० सेंटिमीटर उंच घेतला की तीच ओढ १५ किलोवर येते. हातावर पुढे ओढता येणाऱ्या टीव्हीचं उदाहरण याहून बोलकं आहे. टीव्ही १५ किलोचा, पाठीची पट्टी २० सेंटिमीटर उंच. भिंतीला चिकटून असताना वजनाचा मध्य ५ सेंटिमीटरवर, ओढ चार किलोहून कमी. हात पुढे ओढून वजनाचा मध्य अर्ध्या मीटरवर आला की ओढ साडेसदतीस किलो. टीव्ही तोच, प्लग तेच, भार दहापट. लावणाऱ्याने तो भिंतीला चिकटवून दाखवलेला असतो.

गिझरचा भार वेगळ्या तऱ्हेचा. २५ लिटरच्या गिझरमध्ये पाणीच २५ किलो असतं, वर टाकीचं वजन. दुकानातून आणलेला रिकामा गिझर एक माणूस उचलून लावतो, त्यामुळे तो जड वाटत नाही. नळ सोडल्यावर त्याचं वजन दुपटीहून वाढतं आणि पुढची दहा-बारा वर्षं अखंड तेवढंच राहतं.

अखंड राहणारा भार थोडा वेळ येणाऱ्या भारापेक्षा कठीण असतो. १० जुलै २००६ रोजी बॉस्टनच्या एका बोगद्यात छताच्या काँक्रीटच्या लाद्या एका मोटारीवर कोसळल्या आणि आतली स्त्री मरण पावली. त्या लाद्या भोकांत इपॉक्सी घालून बसवलेल्या बोल्टांवर टांगल्या होत्या. तपासात निघालं की वापरलेलं झटपट घट्ट होणारं इपॉक्सी थोड्या वेळाच्या चाचणीत उत्तम धरतं, पण सतत भार राहिला तर हळूहळू सरकतं. बोल्ट थोडेथोडे करत खाली आले होते. जपानच्या सासागो बोगद्यात २ डिसेंबर २०१२ रोजी चिकटवलेले बोल्ट निसटून छताच्या लाद्या पडल्या, नऊ माणसं गेली. तो बोगदा १९७७ पासून वापरात होता. घरात ढिल्या भोकात अगरबत्तीची काडी, कागद किंवा इपॉक्सीची लुगदी कोंबून वर स्क्रू पिळणारा माणूस त्या दिवसापुरती पकड मिळवतो. संध्याकाळी ओढून पाहिलं तर घट्ट लागतं. ढिलं भोक सोडून द्यावं आणि नवं भोक बाजूला पुरेसं अंतर ठेवून पाडावं, किंवा त्याच जागी मोठ्या मापाचा, लांब प्लग घ्यावा.

अलीकडे प्लगच्या अंगावर एक नवं काम आलं आहे. ते टांगण्याचं नाही, उभी वस्तू पडू न देण्याचं. जून २०१६ मध्ये अमेरिकेत आयकियाने सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली, कारण कपाट अंगावर पडून लहान मुलांचे मृत्यू झाले होते. उपाय म्हणून कंपनीने कपाट भिंतीला बांधायचा संच फुकट देऊ केला. २०२२ च्या अखेरीस अशी कपाटं उलटू नयेत म्हणून तिथे कायदाही झाला. आपल्या घरांत लोखंडी कपाट जड म्हणून लोक निश्चिंत असतात. पण हलक्या लाकडी भुशाच्या बोर्डाची उंच, उथळ कपाटं आणि पुस्तकांच्या मांडण्या आता घरोघर आहेत, आणि वरच्या कडेला एक पट्टी व दोन प्लग एवढंच काम असतं. घरात रांगणारं मूल असेल तर ते आजच करून घ्यावं, असं मी आग्रहाने म्हणेन.

प्लग कितीही चांगला असो, तो स्वतः काही पेलत नाही. तो भिंतीला कडेने दाबतो आणि भिंत उलट दाबते. दाबायला भिंतच नसेल तर प्लग मोकळा. विटेच्या घरात पहिले १२ ते १५ मिलिमीटर, कधी जास्तही, नुसता गिलावा असतो आणि गिलाव्याची पकड हिशेबात धरायची नसते. ३५ मिलिमीटरचा प्लग गिलाव्याच्या तोंडापासून बसवला तर विटेत निम्म्याहून थोडाच जास्त जातो. म्हणून भोक खोल घ्यायचं, प्लग पूर्ण आत सारायचा, भोकातली भुकटी फुंकून काढायची, आणि स्क्रू एवढा लांब घ्यायचा की त्याचं टोक प्लगच्या पार गेलं पाहिजे. भोक विटांमधल्या सांध्यावर येत असेल तर दोन बोटं सरकावं. बटणाच्या बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि नळाच्या रेषेत ड्रिल लावू नये. तिथे आत वायर किंवा पाइप असण्याचीच शक्यता जास्त.

मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत प्रश्न अधिक अवघड झाला आहे, कारण एकाच खोलीत तीन तऱ्हांच्या भिंती असतात आणि पुट्टी-रंगाखाली तिन्ही एकसारख्या दिसतात. खांब आणि मायवान म्हणतात त्या तयार साच्यांत ओतलेल्या भिंती काँक्रीटच्या. त्यांत साधं ड्रिल हटून बसतं, पण एकदा भोक पडलं की पकड अव्वल. बाथरूमजवळ कुठे वीट. बाकी बहुतेक भिंती एएसी ब्लॉकच्या. हा ब्लॉक १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये योहान अ‍ॅक्सेल एरिक्सन यांनी शोधला. सिमेंट, चुना, राख यांच्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घातली की वायूचे बुडबुडे सुटून मिश्रण पावासारखं फुगतं, मग ते वाफेवर दाबाखाली घट्ट करतात. काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २४०० किलो, या ब्लॉकचा ५५० ते ६५०. इमारत हलकी होते, उन्हाळ्यात घर थंड राहतं. पण भिंतीचं निम्म्याहून अधिक अंग हवा. साधा प्लग फुगला की ब्लॉकच्या नाजूक जाळीचा चुरा होतो आणि घट्ट वाटलेला स्क्रू महिन्याभरात खुळखुळतो. जांभ्याच्या भिंतीतही पोकळ्या असतात, तिथेही सावध राहावं लागतं, पण पोकळीभोवतालचा दगड निदान कणखर असतो.

कोणती भिंत आहे ते भुकटी सांगते. लाल म्हणजे वीट किंवा जांभा. करडी, बारीक, आणि ड्रिलला जोर लावावा लागतो ते काँक्रीट. पांढरट, भुसभुशीत, आणि बिट विनासायास आत जातं तो ब्लॉक. ब्लॉक निघाला तर ड्रिलचा ठोका बंद करून नुसतं फिरवत भोक घ्यावं. प्लग खास ब्लॉकसाठी मिळतात, लांब, रुंद आट्यांचे, जाळीला चिरडण्याऐवजी तिच्यात पिळत जाणारे. फार जड वस्तूला रसायन भरून बसवायचा बोल्ट घ्यावा, आणि तो ब्लॉकसाठी चाचणी घेतलेला असावा.

याहून चांगला मार्ग काही वास्तुरचनाकार आणि ठेकेदार आता पुन्हा घेऊ लागले आहेत. भिंत चढत असतानाच गिझर, टीव्ही आणि स्वयंपाकघरातली वरची कपाटं कुठे येणार हे नकाशावर खुणेने दाखवायचं, आणि त्या पट्ट्यात ब्लॉकऐवजी काँक्रीटचा थर किंवा भरीव वीट घ्यायची. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनमध्ये त्या जागी बोर्डामागे जाड प्लायवूडची फळी आधीच बसवायची. खर्च किरकोळ येतो, कारण काम चालूच असतं. घराचा ताबा मिळाल्यावर हे करता येत नाही, म्हणून विटा-ब्लॉक लागत असतानाच साइटवर जाऊन सुपरवायझरला जागा दाखवावी, त्याच्याकडून मापं लिहून घ्यावीत, आणि गिलावा चढण्यापूर्वी त्या भिंतीचे फोटो काढून ठेवावेत.